रेकॉर्डर मेला, स्पाईक गार्डचा दिवा मात्र चालूच

मागच्या वादळात आमच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर गेला. वीज घरावर पडली नाही, जवळपास कुठेतरी पडली, पण एकदम पांढरा लखलखाट आणि त्याच क्षणी कडाड, मधे एक आकडा मोजायलाही वेळ मिळाला नाही त्यावरून कळलं की फार लांब नव्हती. दिवे गेले नाहीत, पंखा चालू, टीव्ही चालू, नुसता रेकॉर्डर ठार. आणि सगळ्यात डोक्यात गेली ती गोष्ट म्हणजे रेकॉर्डर ज्या स्पाईक गार्डला लावला होता त्याचा हिरवा दिवा आपला शांतपणे चालू, जसं काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी स्क्रू काढून डबा उघडला. मला वाटलं होतं पॉवर सप्लाय जळलेला असणार, पण तिथे सगळं ठीकठाक. फ्यूज शाबूत, सर्ज, म्हणजे वायरीतून अचानक येणारा जादा व्होल्टेजचा झटका, खाणारी ती निळी चकती असते ना, तिच्यावर ओरखडाही नाही. काळा डाग होता तो दुसऱ्या टोकाला, जिथे कॅमेऱ्यांच्या केबली मागून येऊन खोचलेल्या असतात तिथे. चार नंबरच्या सॉकेटमागची चिप मधोमध फुटली होती. चार नंबर म्हणजे फाटकाजवळच्या लोखंडी खांबावरचा कॅमेरा, घरापासून साठ-सत्तर मीटर. म्हणजे आम्ही पुढच्या दाराला कडी लावून निवांत बसलो आणि चोर मागच्या दाराने आला, बरं दार पण आम्हीच बसवलेलं, आमच्याच हातांनी केबल ओढून.

तेव्हापासून मला याचा नाद लागला. गेले काही महिने रात्री जेवणं झाली की जुनी पेटंटं वाचत बसतो, टेलिफोनच्या वायरीची, पाळतीच्या कॅमेऱ्यांची, सर्ज अरेस्टरची, म्हणजे तो झटका अडवणाऱ्या यंत्रांची. आधी वाटलं होतं हे तीन वेगळे विषय आहेत. आता वाटतं तिन्हीकडे माणसं एकाच गोष्टीशी भांडत होती, आणि ती गोष्ट म्हणजे फरक. दोन वायरींमधला फरक, दोन चित्रांमधला फरक, दोन ठिकाणच्या जमिनींमधला फरक. ऐकायला विचित्र वाटतं, पण थांबा जरा.

सुरुवात ग्रॅहॅम बेलपासून करतो. त्याचं टेलिफोनचं पेटंट सगळ्यांना माहीत असतं, पण मला त्याचं दुसरं एक पेटंट जास्त आवडतं, जुलै १८८१ चं, नंबर २४४४२६. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच वायर असायची, परतीचा रस्ता म्हणजे जमीन. तार खात्यात तशीच पद्धत होती, वायर निम्मी लागायची, मग टेलिफोनवाल्यांनीही तीच उचलली. पण तारयंत्राच्या कट्ट-कड्डला जमिनीतली खरखर चालून जाते, माणसाच्या आवाजाला चालत नाही. शेजारून तारेची लाईन गेलेली असली की तिचे ठोके तुमच्या फोनमध्ये ऐकू यायचे, दुसऱ्याचं बोलणं ऐकू यायचं, आणि पुढे विजेच्या ट्रॅम आल्यावर तर विचारूच नका.

बेलने काय केलं, तर परतीसाठी दुसरी वायर घेतली आणि दोन्ही वायरी एकमेकींभोवती पिळल्या. बस एवढंच. यात चमत्कार काय आहे ते मला आधी नीट कळत नव्हतं, लोक सांगतात की पिळल्यामुळे नॉइज, म्हणजे बाहेरची खरखर, आत येत नाही, ते चूक आहे. नॉइज येतोच. फक्त दोन्ही वायरींवर सारखा येतो. एका पिळात ही वायर बाहेरच्या बाजूला असते, पुढच्या पिळात ती, त्यामुळे बाहेरच्या लाईनच्या जवळ असण्याची पाळी दोघींवर आलटून पालटून येते. आणि पलीकडच्या टोकाचं यंत्र वायरीवर किती व्होल्ट आहेत ते बघतच नाही, दोन वायरींमध्ये फरक किती तेवढंच बघतं. पावसातून दोघंजण चालत आले आणि दोघंही सारखेच भिजले तर कोण जास्त भिजलं हा प्रश्नच राहत नाही ना, तसं. पाऊस थांबवायचा नाही, फक्त दोघांना सारखं भिजवायचं.

खांबांवरून उघड्या वायरी जायच्या तिथे पिळणं शक्य नसायचं, मग दर काही खांबांनंतर दोन वायरींच्या जागांची अदलाबदल करायचे, डावीकडची उजवीकडे. तेच ते, फक्त पीळ कित्येक खांब लांबीचा.

आज आपण नेटवर्कसाठी जी केबल वापरतो, कॅट फाईव्ह ई किंवा कॅट सिक्स, ती सोलून बघा. आत चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा, कुणाचा घट्ट कुणाचा सैल. कारण चारही जोड्यांचा पीळ सारखा ठेवला तर शेजारच्या जोडीची तीच वायर कायम हिच्या त्याच वायरीशेजारी येत राहणार, सगळी वजाबाकी फुकट. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी जो घोळ घातला तो सांगायलाच हवा, कारण असाच घोळ घालणारे बरेच असणार.

नवीन सिस्टिम बसवताना मी स्वतः क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणं, करायला घेतलं. आरजे ४५ म्हणजे नेटवर्कचा प्लग, त्याच्या आठ खाचा, आठ वायरी, मी म्हटलं यात काय आहे, जोडीला जोडी लावून सरळ रांगेत बसवल्या, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी, असं. दोन्ही टोकांना सारखंच. टेस्टर लावला, एक ते आठ सगळे दिवे ओळीने लागले, मी खूश. आणि कॅमेरा जोडला तर कधी नुसत्या दहा मेगाबिटच्या स्पीडला, कधी बंद, कधी चित्र दोन मिनिटं चांगलं आणि मग गोठलेलं. दोन दिवस मी कॅमेऱ्याला शिव्या घालत होतो. गडबड अशी की सिग्नलची जोडी एक-दोन आणि तीन-सहा अशी असते, तीन-चार नाही. मी तीन नंबरला एका जोडीची वायर लावली आणि सहा नंबरला दुसऱ्याच जोडीची. तांबं दोन्हीकडे पोचलं होतं म्हणून टेस्टरचे दिवे लागले, पण त्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्याच नव्हत्या. दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी चालत आले, वेगवेगळे भिजले. याला स्प्लिट पेअर म्हणतात आणि साधा दिव्यांचा टेस्टर तो पकडूच शकत नाही.

मग हा तीन-सहाचा वाकडा क्रम ठेवलाच कुणी? तर ते टेलिफोनवाल्यांचं देणं आहे. टेलिफोनच्या जॅकमध्ये पहिली लाईन अगदी मधल्या दोन पिनांवर असायची, दुसरी तिच्या दोन्ही बाजूंना. आठ पिनांचा जॅक आला तेव्हा ती मधली जोडी चार-पाचवर तशीच राहिली, आणि तिच्या बाहेरून तीन-सहा. नंतर ऑफिसांमध्ये आधीच पडलेल्या टेलिफोनच्या वायरीतूनच कॉम्प्युटर जोडायची टूम निघाली, १९९० मध्ये त्यासाठी टेन बेस टी हे स्टँडर्ड आलं, आणि क्रम कायमचा चिकटला. सुरुवातीचं इथरनेट, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची पद्धत, चालायचं जाड पिवळ्या कोऍक्स केबलीवर, मधे एक वायर आणि तिच्याभोवती धातूची जाळी, वाकवायची म्हटलं तरी ताकद लागायची. टेलिफोनच्या साध्या वायरीवर एवढा स्पीड धावेल असं म्हणणाऱ्यांना लोक हसले असतील असं मला उगाच वाटतं.

पंचिंगबद्दल एक वाक्य. टेलिफोनच्या खोलीत ते दात असलेले ब्लॉक असतात, वायर न सोलता खाचेत ठेवायची, पंचिंग टूलने खटकन दाबायची, खाचेच्या धारेने प्लास्टिक कापलं जातं आणि धातूला धातू इतका घट्ट चिकटतो की मधे हवा शिरत नाही, म्हणून गंज नाही. सोल्डर नाही, स्क्रू नाही. ज्याने हे शोधलं त्याने पूर्वी नक्कीच हजारो वायरी हाताने सोलल्या असणार.

आता कॅमेरे. पाळतीचा कॅमेरा म्हटलं की चोर-पोलीस डोळ्यासमोर येतात, पण अगदी सुरुवातीचा एक बंद सर्किटचा कॅमेरा, म्हणजे ज्याचं चित्र ठरलेल्या पडद्यावरच दिसतं असा, चोरावर नव्हताच. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडेला व्ही-टू रॉकेटचं उड्डाण लांबून सुरक्षित बसून बघता यावं म्हणून वाल्टर ब्रुख नावाच्या इंजिनियरने तो बसवला. रॉकेटं बऱ्याचदा जागच्या जागी फुटायची, जवळ कोण उभा राहणार.

हा ब्रुख म्हणजे तोच, ज्याने पुढे टेलिफुंकेन कंपनीत असताना पाल ही रंगीत टीव्हीची पद्धत काढली. आणि मला जेव्हा पालची आतली युक्ती समजली तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. रंगाची माहिती सिग्नलच्या फेजमध्ये असते, म्हणजे लाट किती पुढे-मागे आहे त्यात, वाटेत फेज थोडी सरकली की माणसांचे चेहरे हिरवे नाहीतर जांभळे. ब्रुखने काय केलं तर एकाआड एक ओळीला रंगाचा एक भाग उलटा करून पाठवला. मग वाटेत जी चूक व्हायची ती एका ओळीत हिरव्याकडे सरकायची, पुढच्या ओळीत उलट्या दिशेने, दोन्हींची सरासरी काढली की चूक गायब. बेलची पिळलेली वायरच की हो ही! चूक थांबवायची नाही, तिला आलटून पालटून दोन्हीकडून येऊ द्यायची आणि एकमेकांत जिरवायची. बेल ते ब्रुख ऐंशी वर्षं, आणि युक्ती तीच. ब्रुखने बेलचं पेटंट वाचून हे केलं असं माझं म्हणणं नाही, पण एकाच अडचणीपाशी आलेली दोन हुशार माणसं एकाच वळणावर वळतात हे बघायला मजा येते.

घराच्या दाराशी कॅमेरा आणला तो मात्र एका नर्सने. मारी व्हॅन ब्रिटन ब्राऊन, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहायची, स्वतःच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, रात्री एकटी असताना दार वाजलं की भीती, आणि पोलीस बोलावले तरी लवकर येतील याची खात्री नाही. नवरा आल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ. दोघांनी १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला, डिसेंबर १९६९ मध्ये मिळालं, नंबर ३४८२०३७. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, मागे मोटरवर वरखाली सरकणारा कॅमेरा, उंच माणूस आला तर वरच्या भोकातून, लहान मूल आलं तर खालच्या. चित्र झोपायच्या खोलीत पडद्यावर दिसायचं, बाहेरच्याशी बोलता यायचं, ओळखीचा असला तर बटणाने दार उघडायचं, नसला तर अलार्म. आज फोनवर दाराची घंटा वाजते आणि आपण पलंगावरून बघतो कोण आलंय, त्यातलं काय नाही हिच्यात? त्या पेटंटातली चित्रं जरूर बघा, सरकणाऱ्या कॅमेऱ्याचं तर खासच.

आणि नेटवर्कवरच्या कॅमेऱ्याची सुरुवात म्हणाल तर ती शुद्ध आळसातून झाली. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कॉफीचं भांडं दुसऱ्या खोलीत असायचं, जिने उतरून जावं आणि भांडं रिकामं. १९९१ मध्ये त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला, १२८ गुणिले १२८ पिक्सेल, काळंपांढरं, मिनिटाला जेमतेम दोन-तीन चित्रं, पण भांड्यात कॉफी आहे की नाही एवढंच बघायचं तर आणखी काय हवं. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि २००१ मध्ये बंद होईपर्यंत जगभरातली माणसं एका कॉफीच्या भांड्यावर पाळत ठेवून होती.

आता त्या फरकाकडे परत येतो. एक साधा हिशोब करा. फुल एचडीचं एक चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८०, प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, झाले साधारण ६ एमबी. सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे १५५ एमबी. दिवसाचे १३ टीबीच्या वर! एका कॅमेऱ्याचे! आणि माझ्या रेकॉर्डरमध्ये ४ मेगाबिटच्या सेटिंगला एक कॅमेरा दिवसाला साधारण ४३ जीबी खातो. तीनशेपट कमी. हे कसं होतं, तर बराच वेळ रेकॉर्डर चित्र साठवतच नाही. एखाददुसरं पूर्ण चित्र घेतो आणि मग मागच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच लिहून ठेवतो. भिंत तीच, फाटक तेच, खांब तोच, लिहायचं काय. ही कल्पना आपल्याला व्हिडिओ लहान करायच्या एच २६४ वगैरे पद्धती आल्यावरची वाटते, पण दोन चित्रांमधला फक्त फरक पाठवायचं रे डेव्हिस केलने १९२९ मध्येच सुचवलं होतं, जेव्हा टीव्ही म्हणजे फिरणारी भोकांची तबकडी होती. यंत्रं यायला साठ-सत्तर वर्षं लागली.

फरकावर चालणाऱ्या यंत्राचा त्रास असा की फरक कसला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. रात्री कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तिथे किडे जमतात, किडे आले की कोळी येतो, तो बरोबर काचेसमोर जाळं विणतो, आणि वाऱ्याने ते जाळं हललं की चित्राचा अर्धा भाग बदलला. सकाळी बघावं तर एकशे चाळीस वेळा मोशन अलर्ट, सगळे कोळ्याचे. पावसात तर डिस्कचं खातं नुसतं फुगतं. दर आठवड्याला केरसुणी घेऊन कॅमेरे झाडणं हा माझ्या सुरक्षा व्यवस्थेचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, गंमत नाही.

आणि जुन्या कोऍक्सच्या सिस्टिममध्ये आणखी एक फरक छळायचा. पडद्यावर आडवे फिकट पट्टे हळूहळू वर सरकत राहायचे. कॅमेऱ्याचा दोष नाही, केबलचा नाही. कॅमेरा लोखंडी खांबाला बोल्टने आवळलेला, खांब जमिनीत, म्हणजे त्याची स्वतःची एक अर्थिंग झाली. इकडे रेकॉर्डर घरच्या अर्थिंगला. दोन ठिकाणची जमीन म्हणजे दोन वेगळे व्होल्ट, थोडाच फरक, एखादा व्होल्ट, पण कोऍक्सची बाहेरची जाळी या दोन्ही टोकांना जोडलेली, मग त्या जाळीतून करंट वाहतो आणि चित्रात पट्टे. ग्राउंड लूप. मी तेव्हा दोन टोकं विजेने अलग ठेवणारा एक आयसोलेटर आणून लावणार होतो, मग म्हटलं जाऊ दे, पट्टेच आहेत, माणूस तर ओळखू येतोय. हीच माझी चूक. ते पट्टे म्हणजे खांब मला रोज सांगत होता की माझी जमीन आणि तुझी जमीन एक नाही.

वादळात झालं एवढंच की तो एका व्होल्टचा फरक काही मायक्रोसेकंदांसाठी हजारो व्होल्टचा झाला. वीज कुठेही पडली की तिथली जमीन वर उचलली जाते, तिथून लांब जावं तसा व्होल्टेज उतरत जातो. खांबाखालची जमीन एका पातळीवर, घराखालची दुसऱ्या, मधे तांब्याची एक केबल, आणि त्या केबलच्या टोकाला बिचारा रेकॉर्डर. करंट खांबातून जाळीत, जाळीतून रेकॉर्डरमध्ये, रेकॉर्डरमधून प्लगच्या अर्थला. स्पाईक गार्ड बघत होता भिंतीकडे, फेज आणि न्यूट्रलकडे. त्याच्या बाजूने काही आलंच नाही, तो तरी काय करणार. पक्षी हाय टेन्शनच्या तारेवर बसतो आणि त्याला काही होत नाही, कारण दोन्ही पाय एकाच तारेवर. व्होल्ट किती आहेत यावर जळणं ठरत नाही, दोन पायांमध्ये फरक किती त्यावर ठरतं.

सर्ज संरक्षणाचा सगळा इतिहास मग वेगळाच दिसायला लागतो. तारयंत्राच्या काळापासून लोकांना कळत होतं की लांब वायर म्हणजे वादळाला आमंत्रण. १८५९ मध्ये सूर्यावर जे प्रचंड वादळ झालं, कॅरिंग्टन इव्हेंट म्हणतात, तेव्हा बॉस्टन आणि पोर्टलंडमधल्या तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या जमिनीतून येणाऱ्या करंटवर बराच वेळ संदेश पाठवले! लांब वायर, दोन टोकांच्या दोन जमिनी, मधला फरक. मी त्यांच्या जागी असतो तर टेबलापासून दहा हात लांब पळालो असतो.

टेलिफोनच्या लाईनवर पुढे कार्बनचे दोन ठोकळे समोरासमोर आले, मधे केसाएवढी फट, व्होल्टेज वाढलं की फटीतून ठिणगी, सगळं जमिनीत. स्वस्त आणि मस्त, पण बऱ्याच ठिणग्या झाल्या की कार्बनची भुकटी फटीत साचायची आणि फोनमध्ये खरखर सुरू. मग आली गॅसची नळी, छोटी सिरॅमिकची, आत निऑन किंवा आर्गॉनसारखा वायू. ती खूप मोठा करंट गिळते, सिग्नलला धक्काही लावत नाही, पण जागी व्हायला जरा वेळ लावते, आणि एकदा पेटली की तिच्यावरचं व्होल्टेज दहा-वीसवर येतं. टेलिफोन लाईनला ते चालतं, घरच्या मेन्सवर तीच नळी एकटी लावली तर सर्ज गेल्यावरही मेन्सचाच करंट तिच्यातून वाहत राहू शकतो, ती विझेलच असं नाही.

मेन्ससाठी खरं काम झालं जपानमध्ये, मात्सुशिता कंपनीत मिचियो मात्सुओका यांच्या हातून, १९६० च्या दशकाच्या शेवटी. झिंक ऑक्साइडची पावडर, त्यात थोडं बिस्मथ ऑक्साइड आणि आणखी काही चिमटी, दाबून भट्टीत भाजायची. माझ्या रेकॉर्डरमधली ती निळी चकती म्हणजे हेच. आत झिंक ऑक्साइडचे असंख्य दाणे, आणि प्रत्येक दोन दाण्यांच्या मधली हद्द साधारण तीन व्होल्टपर्यंत अडून धरते, त्याच्यावर गेलं की सोडून देते. म्हणजे चकती जाड केली, दाण्यांच्या रांगा वाढवल्या, की अडवायचं व्होल्टेज वाढलं. चकती रुंद केली की करंट जास्त गिळणार. कुंभाराला सांगावं तसं, जाडी एवढी ठेव, रुंदी एवढी ठेव. इतकं सरळ इलेक्ट्रॉनिक्स मी दुसरं पाहिलं नाही.

पण ती झिजते. प्रत्येक मोठा सर्ज थोडे दाणे बिघडवतो, मग ती आधीच गळायला लागते, तापते, तापली की आणखी गळते, शेवटी पेट घेऊ शकते. म्हणून चांगल्या अरेस्टरमध्ये तिला चिकटून थर्मल फ्यूज असतो आणि चकती गेली की खूण बदलते. माझ्या स्पाईक गार्डचा हिरवा दिवा काय सांगत होता माहितेय का? वीज आहे. बस. तो साधा इंडिकेटर होता, चकती जिवंत आहे की मेली याच्याशी त्याचा संबंधच नाही. मी पाच वर्षं त्याच्याकडे बघून निर्धास्त झोपत होतो. तुमचा बघा एकदा, त्यावर प्रोटेक्टेड असं वेगळं लिहिलंय का आणि पुस्तिकेत त्याचा अर्थ काय दिलाय.

दुसरी गोष्ट, जी वायरमनला सांगताना माझी दमछाक झाली. मेन बोर्डात अरेस्टर बसवला की तो अर्थला जोडणारी वायर शक्य तेवढी आखूड आणि सरळ हवी. त्याने छान गुंडाळून, नीटनेटकी, दीड मीटरची वायर ठेवली होती, "नंतर लागली तर असू द्या साहेब". एक मीटर वायर म्हणजे अंदाजे एक मायक्रोहेन्री, करंट बदलायला वायर जो विरोध करते त्याचं हे माप. सर्ज मोजायची जी ठरलेली लाट आहे ती ८ मायक्रोसेकंदात शिखराला पोचते आणि २० मायक्रोसेकंदांना अर्ध्यावर येते. दहा हजार अँपियर ८ मायक्रोसेकंदात चढले तर एका मीटरवर साडेबाराशे व्होल्ट, नुसत्या चांगल्या, जाड, तांब्याच्या वायरीवर! अरेस्टर कितीही भारी घ्या, त्याच्या व्होल्टेजमध्ये हे मिळवायचे. वायर किती जाड हे इथे फारसं कामाला येत नाही, लांबीच मारते. मी कागदावर आकडे मांडून दाखवले, त्याने माझ्याकडे बघितलं, वायर कापली आणि काही बोलला नाही.

आता नवीन मांडणी अशी केली. सगळे कॅमेरे आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे, आणि पीओईवर, म्हणजे त्याच नेटवर्क केबलीतून वीज घेणारे. पीओई पण एक छान प्रकार आहे, २००३ चं पहिलं स्टँडर्ड, केबली जिथे जोडतात तो नेटवर्कचा स्विच आधी थोडंसं व्होल्टेज देऊन बघतो की पलीकडे २५ किलो-ओहमचा रेझिस्टर दिसतोय का, दिसला तरच पूर्ण वीज सोडतो, नाहीतर नाही, कुणी चुकून लॅपटॉप खोचला तर तो जळू नये म्हणून. शिवाय इथरनेटच्या प्रत्येक टोकाला ट्रान्सफॉर्मर असतो, दीड हजार व्होल्टपर्यंत अलग ठेवतो, त्यामुळे ते सरकणारे पट्टे गेले ते गेलेच. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक केबलला घरात शिरतानाच अरेस्टर, गॅसची नळी पुढे आणि वेगवान डायोड मागे असा, नळी मोठा घाव झेलते आणि ती जागी होईपर्यंतचा क्षण डायोड सांभाळतो. केबल, मेन्स, सगळ्यांची अर्थिंग एकाच पट्टीवर, एकाच ठिकाणी. उचलली गेली जमीन तर सगळे एकत्र उचलले जाऊ देत, पक्ष्यासारखे.

राहिला तो खांब. साठ-सत्तर मीटर तांबं परत ओढायची माझी हिंमत नव्हती, म्हणून तिथे फायबर टाकली, म्हणजे प्रकाश नेणारी काचेची केबल. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी सांगितलं की काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तिच्यातून किलोमीटर-किलोमीटर जाईल, आणि त्यासाठी त्यांना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या त्याच नोबेलचा उरलेला अर्धा भाग होता विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना, सीसीडीसाठी, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याच्या सुरुवातीच्या डोळ्यासाठी. फाटकावरचा कॅमेरा आणि त्याची फायबर, एकाच वर्षाचं नोबेल माझ्या खांबावर लटकतंय. काचेला दोन जमिनींमधल्या फरकाशी काही घेणंदेणं नाही, हजार व्होल्ट असोत नाहीतर लाख.

फक्त एक पेच राहिला जो केबल टाकून झाल्यावर माझ्या लक्षात आला. काचेतून वीज येत नाही म्हणून ती घेतली, आणि कॅमेऱ्याला तर वीज लागते. घरातून नेली तर पुन्हा तांबं, पुन्हा तेच मागचं दार. म्हणून आता खांबावरच एक सोलर पॅनल आणि खाली डब्यात बॅटरी, घराशी धातूचा एक धागाही नाही. ढगाळ दिवसांत बॅटरी तिसऱ्या रात्री दम टाकते, आणि वादळ नेमकं तेव्हाच येतं. मोठी बॅटरी मागवली आहे.